विषाणु, मासा आणि तलाव

गोंदिया जिल्ह्याच्या नकाशावर सहज नजर टाकली तरी निळ्या ठिपक्यांची दाटी डोळ्यांत भरते. हे ठिपके म्हणजे तलाव. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजाच्या कुशल लोकांनीं टेकड्यांच्या कुशींत मातीच्या पाळी घालून पावसाचें पाणी अडविलें आणि त्यावर भाताची शेती पिकविली. नवेगांव बांधचा विस्तीर्ण जलाशय हा त्यांतलाच एक; तो कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें परंपरा सांगते. पुढें हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' असें नांव पडलें. लोकांनीं त्याचें 'मामा तलाव' असें सुटसुटीत रूप केलें. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. पण तलावांचा हा वारसा दोन्ही जिल्ह्यांचा एकच आहे.

या तलावांचें पाणी शेतकऱ्याचें, तर त्यांतील मासा ढीवराचा. ढीवर समाजाच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानें घेतात, पावसाळ्यांत रोहू, कटला आणि मृगळ यांचें बीज सोडतात आणि पुढें पाणी ओसरूं लागलें कीं मासळी काढतात. म्हणजे खर्च आज आणि पैसा कित्येक महिन्यांनीं, असा हा व्यवहार आहे. मधल्या काळांत एके पहाटे पाळीवर जावें आणि पाण्यावर पांढरीं पोटें तरंगतांना दिसावींत, म्हणजे त्या घराचें वर्ष बुडालें. अशा वेळीं प्रत्येकाच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: 'कोणता रोग आला?' माझें आजचें सांगणें असें आहे कीं, हा प्रश्न अर्धाच आहे. 'रोग आला कसा, आणि आल्यावर फोफावला कां?' हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि माणसाच्या हातीं जें कांहीं आहे तें या दुसऱ्या भागांतच आहे. माशांना विषाणूंपासून होणारे रोग घेऊन ही गोष्ट मी आपणांपुढें मांडणार आहें.

विषाणु म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. जंतु हा कितीही सूक्ष्म असला तरी स्वतः खातो आणि स्वतः वाढतो. विषाणूला तेंही सामर्थ्य नाहीं. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास ज्याचा आकार, असा तो आनुवंशिक द्रव्याचा एक कण. त्यावर प्रथिनांचें कवच. जिवंत पेशींत शिरल्याशिवाय त्याची वाढ होत नाहीं. एकदां आंत शिरला म्हणजे तो त्या पेशीचीच यंत्रसामुग्री राबवून आपल्या हजारों प्रती काढतो आणि शेजारच्या पेशींकडे वळतो. माणसाचा विषाणु हवेंतून, स्पर्शानें, डांसाकडून येतो. माशाचा विषाणु मुख्यतः पाण्यांतून येतो. मासा श्वास घेतो तो पाण्यांतून, अन्न गिळतो तें पाण्यांतून, आणि त्याचे कल्ले म्हणजे रक्त व पाणी यांच्यामधला केवळ एक पातळ पडदा आहे. शेजारी आजारी पडला तर दार लावून बसण्याची सोय त्यास नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या रोहू-कटल्यांना नेहमीं जो उपद्रव होतो तो बहुतेक उवांसारख्या परोपजीवींचा, जंतूंचा, बुरशीचा किंवा पाण्यांतील प्राणवायु कमी पडल्याचा असतो. विषाणूंनीं मोठा संहार केला तो अन्य माशांचा: युरोप-अमेरिकेंतील ट्राउट व सामन, आपल्याकडे 'सायप्रिनस' या नांवानें ओळखला जाणारा विलायती मासा, त्याचाच रंगीत भाऊबंद जो जपानी 'कोई' तो, आणि अलीकडे तिलापिया. मग गोंदियाच्या श्रोत्यांनीं त्याची चिंता कां करावी? कारण ज्या परिस्थितींत हे विषाणु तेथें मातले, तशी परिस्थिति आतां आपल्याकडेही येऊं लागली आहे. महाराष्ट्रांतील धरणांत पिंजरे टाकून तिलापिया वाढविला जातो, बीज शेंकडों मैलांवरून येतें, आणि तिलापियाच्या विषाणूचा भारतांतील पहिला वृत्तांत संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्धही केला आहे.

रोग ओळखणें वाटतें तितकें सोपें नाहीं, हें दोन जुन्या हकीकतींवरून ध्यानांत येईल. युरोपांत सायप्रिनस माशांचें पोट फुगून ते मरत; त्या रोगास 'जलोदर' म्हणत, आणि तो जंतूंमुळें होतो असें कैक वर्षें समजत. १९७१ सालीं झाग्रेब येथील निकोला फियान व त्यांचे सहकारी यांनीं त्या माशांतून एक विषाणु वेगळा काढला, आणि मग उलगडा झाला कीं, एका नांवाखालीं दोन निराळे रोग नांदत होते. आशियांत याच्या उलट घडलें. १९८८ सालीं ईशान्य भारत व बंगाल या बाजूनें आपल्या देशांत एक भयंकर साथ शिरली. मरळ, शिंगी, कटला, मृगळ अशा माशांच्या अंगावर लाल चट्टे उठत आणि मग मांस झडून खोल व्रण पडत. आग्नेय आशियांत तशाच आजारी मरळ माशांतून विषाणु सांपडले होते, म्हणून संशय विषाणूवर गेला. पुढें सिद्ध झालें कीं खरा अपराधी अॅफॅनोमायसिस नांवाचा बुरशीसारखा जीव आहे.

या दुसऱ्या हकीकतींतच आजच्या विषयाची किल्ली आहे. ती बुरशी पाण्यांत आली म्हणून प्रत्येक तळ्यांत साथ आली, असें झालें नाहीं. पाऊस सरून पाणी गार झालें, आम्लधर्मी जमिनींतून आलेल्या पाण्यानें तळ्याचें पाणीही आम्ल झालें, माशाच्या त्वचेला इजा पोंचली, म्हणजे तिला शिरकाव मिळे. म्हणूनच तळ्यांत बेतानें चुना टाकून पाण्याची आम्लता मोडणें हा त्या काळीं एक उपयोगी उपाय ठरला. अमेरिकेंतील मत्स्यरोगतज्ज्ञ स्निएश्को यांनीं १९७४ सालीं हाच विचार तीन वर्तुळांच्या साध्या आकृतींत मांडला होता. एक वर्तुळ माशाचें, दुसरें रोगबीजाचें, तिसरें परिस्थितीचें. तिन्ही जेथें एकमेकांवर येतात तेवढ्याच जागेंत रोग असतो. एक बाजूला सारलें कीं रोग उरत नाहीं. विषाणूच्या रोगांस हें जितकें लागू पडतें तितकें क्वचितच दुसऱ्या कशास लागू पडत असेल.

परिस्थितींत पहिला मान तापमानाचा. मासा शीत रक्ताचा प्राणी. पाण्याची ऊब तीच त्याच्या अंगाची ऊब. शरीरांत विषाणु आला म्हणजे त्याला मारणारीं प्रतिद्रव्यें तयार करावीं लागतात. उबदार पाण्यांत जें काम आठवड्या-दोन आठवड्यांत होतें, त्यास गार पाण्यांत कित्येक आठवडे लागतात. फियान यांनीं शोधलेला तो सायप्रिनसचा रोग युरोपांत नेमका वसंतांत भडकतो: पाणी १० ते १७ अंश सेल्सियस झालें कीं विषाणु जागा होतो, पण हिंवाळ्याच्या उपासानें थकलेल्या माशाचें सैन्य अजून उभें राहिलेलें नसतें. पाणी वीस अंशांच्या वर गेलें कीं साथ ओसरते. कोई माशांच्या नागीण-जातीच्या विषाणूची मर्यादा निराळी. तो साधारण १६ ते २८ अंशांत मारतो. १९९८ सालीं इस्राएलांत व अमेरिकेंत त्याची ओळख पटली. २००३ सालीं जपानांतील कासुमिगाउरा सरोवरांत पिंजऱ्यांतील मासे त्यानें मारले, आणि पुढच्याच वर्षीं बिवा सरोवरांत एक लाखाहून अधिक मासे मेले. परंतु पाणी ३० अंशांच्या घरांत गेलें कीं त्याचें चालत नाहीं. इस्राएलांतील तज्ज्ञांनीं याचाच उपयोग करून, माशांना मुद्दाम थोडा संसर्ग होऊं देऊन लगेच ३० अंशांच्या पाण्यांत हलविण्याची युक्ति काढली. मासे वांचले आणि पुढें त्या रोगास दाद देईनासे झाले.

यावरून कोणी म्हणेल कीं, गोंदियाचा कडक उन्हाळा हेंच आमचें संरक्षण आहे. तें अर्धसत्य आहे. तिलापियाचा विषाणु २२ ते ३२ अंशांच्या उबदार पाण्यांतच माततो. इस्राएलांत त्याचे तडाखे उन्हाळ्यांतच बसले. शिवाय पाणी जितकें तापेल तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो.

हा प्राणवायु म्हणजे परिस्थितीचें दुसरें अंग. दिवसा पाणवनस्पति व शेवाळ ऊन खाऊन प्राणवायु सोडतात. रात्रीं तींच मंडळी माशाबरोबर तो वापरूं लागतात. म्हणून उजाडण्यापूर्वीं तळ्यांत प्राणवायु सर्वांत कमी असतो, आणि चार दिवस आभाळ भरून राहिलें तर तूट आणखी वाढते. खाद्य फार टाकलें, तें कुजलें, कीं अमोनिया वाढतो. भाताच्या बांध्यांतून कीटकनाशकें वाहून येतात. यांपैकीं प्रत्येक गोष्ट माशाला लगेच मारतेच असें नाहीं. पण ती त्याला सतत धास्तींत ठेवते. अशा स्थितींत माशाच्या रक्तांत कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य वाढतें आणि त्याच्या प्रतिकारशक्तीची धार बोथट होते. मग जो विषाणु एरवीं अंगांत मुकाट्यानें पडून राहिला असता, तोच उठून बसतो.

तिसरी गोष्ट दाटी. जुन्या मामा तलावांत मासा विरळ असतो. आजाऱ्याकडून निरोग्याकडे जातांना विषाणूला पाण्यांत बराच प्रवास करावा लागतो, आणि ऊन, चिखल व इतर सूक्ष्म जीव वाटेंत त्यास गारद करतात. पिंजऱ्यांत वा टाकींत हजारों मासे अंगाला अंग लावून राहतात. तेथें हा प्रवास एका कल्ल्यापासून दुसऱ्या कल्ल्यापर्यंतचा. सामन माशाच्या पंडुरोगाची हकीकत या बाबतींत बोलकी आहे. हा विषाणुजन्य रोग नॉर्वेंत १९८४ सालीं दिसला. तेथील लोकांनीं एका जागीं एकाच वयाचे मासे ठेवण्याचा, पीक काढल्यावर ती जागा कांहीं काळ रिकामी ठेवण्याचा, मासे इकडून तिकडे नेण्यावर बंधन घालण्याचा व मासे कापण्याच्या ठिकाणचें सांडपाणी निर्जंतुक करण्याचा नियम केला, आणि मुख्यतः या व्यवस्थेच्या बळावर साथ खालीं आणली. चिलींत हीच शिस्त न पाळतां धंदा भराभर वाढला. २००७ सालीं तेथें हा रोग आला आणि थोड्याच वर्षांत या माशाचें उत्पन्न निम्म्याहूनही खालीं गेलें. विषाणु तोच, मासाही तोच. फरक पडला तो ठेवण्याच्या रीतींत.

चौथी आणि आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बीजाची वाट. पूर्वीं रोहू-कटल्यांचें बीज नदींतच मिळे, आणि बंगालमधून मातीच्या हंड्यांत तें आगगाडीनें दूरदूरच्या प्रांतांत जाई. १९५७ सालीं हिरालाल चौधुरी यांनीं ओरिसांत कटक येथें माशाच्या मस्तकांतील पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोंचून बंदिस्त पाण्यांत या माशांचें प्रजनन घडवून आणलें, आणि बीज माणसाच्या हातीं आलें. आतां हंडीच्या जागीं प्राणवायु भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली आहे. पण लांबचा प्रवास कांहीं थांबलेला नाहीं. विषाणूच्या रोगांत एक फसवी गोष्ट अशी कीं, साथींतून वांचलेला मासा पुष्कळदां वाहक बनतो. तो खातो, पोहतो, वाढतो, आणि त्याच वेळीं विषाणु पाण्यांत सोडीत राहतो. ट्राउट माशांच्या एका रोगांत तर विषाणु अंड्यांबरोबरही पुढच्या पिढीकडे जातो, आणि तेथें तो लहान पिल्लांनाच मारतो. मोठ्यांचें तो फारसें बिघडवीत नाहीं. तेव्हां पिशवींतील बोटुकली डोळ्यांना चपळ दिसली म्हणजे ती निरोगी, असा निर्वाळा देतां येत नाहीं.

गोंदियाच्या तलावांना याचा दुहेरी धोका आहे. पुष्कळ तलाव साखळीनें बांधलेले आहेत; वरचा भरला कीं सांडव्यावरून त्याचें पाणी खालच्यांत उतरतें. सिंचनाच्या दृष्टीनें ही रचना अत्यंत शहाणपणाची. पण वरच्या तलावांत आलेला रोग त्याच वाटेनें पावसाळ्यांत खालच्या गांवीं उतरूं शकतो. म्हणजे एका संस्थेनें स्वस्तांत घेतलेल्या बीजाची किंमत दुसऱ्या गांवच्या ढीवरानें मोजावी, असा प्रसंग येऊं शकतो.

यावर औषध काय, असें साहजिकच विचारलें जातें. स्पष्टच सांगावयाचें तर विषाणु पाण्यांत पसरल्यावर टाकण्याजोगें औषध नाहीं. जंतूंना मारणारीं अँटिबायोटिक औषधें विषाणूवर चालत नाहींत. तीं टाकल्यानें पैसा जातो आणि तळ्यांतील जंतु मात्र औषधाला सरावतात. नॉर्वेंत आज कारखान्यासारख्या व्यवस्थेंत एकेका सामन माशाला लस टोंचतात. ज्या तलावांत लाखों बोटुकल्या सुटतात, तेथें हें होण्यासारखें नाहीं. म्हणून सगळी मदार आधींच्या काळजीवर. बीज शक्य तों जवळच्या, माहितीच्या केंद्रांतून घ्यावें. तें थेट तलावांत न ओततां दोन-तीन आठवडे वेगळ्या लहान तळ्यांत ठेवून पाहावें. पिशवींतील पाणी तलावांत न टाकतां दूर जमिनीवर टाकावें. एका तलावांतील जाळें दुसऱ्यांत नेण्यापूर्वीं तें धुवून कडक उन्हांत पूर्ण वाळवावें. ढीवराच्या अंगणांत वाळत पडलेलें जाळें आपण पुष्कळदां पाहिलें असेल. जाळें टिकावें म्हणून चालत आलेली ही रीत विषाणूवरही उत्तम उपाय आहे. कारण ऊन आणि कोरडेपणा यांपुढें बहुतेक विषाणु फार काळ तग धरीत नाहींत. तलावाची प्रकृति राखणें हाही त्याचाच भाग. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ या संस्थेनें ढीवर स्त्रीपुरुषांना बरोबर घेऊन तलावांतील बेशरमची झुडपें उपटून देशी पाणवनस्पति लावण्याचें जें काम केलें, तें देशी मासा परत यावा म्हणून. पण स्वच्छ, जिवंत तलाव हाच माशाचा पहिला वैद्य, हेंही त्यांतून दिसतें.

तरीही मासे मेलेच, तर घाबरून जाण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. कोणकोणत्या जातीचे मेले? आणि किती दिवसांत? एका रात्रींत सर्व जातींचे मेले आणि त्यांतही मोठे आधीं मेले, तर प्राणवायु कमी पडल्याचा संशय घ्यावा. लहानमोठे सारेच एकदम गेले, तर पाण्यांत विष मिसळलें असण्याचा संभव अधिक. एकाच जातीचे मासे रोज थोडे, उद्यां त्याहून अधिक, असे मरत गेले आणि शेजारच्या जाती धडधाकट राहिल्या, तर विषाणूचा विचार करावा. अशा वेळीं कुजलेला मासा तपासणीस नेऊन उपयोग नसतो. मरणाच्या दारीं असलेला ताजा मासा बर्फांत घालून लगोलग न्यावा लागतो. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईस केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. आणि माशांच्या रोगांवर देशभर नजर ठेवण्याची योजना लखनौच्या राष्ट्रीय संस्थेच्या पुढाकारानें २०१३ पासून सुरू झालेली आहे. मात्र रोग झांकून न ठेवतां कळविला, तरच या व्यवस्थेचा उपयोग.

शेवटीं शहरांतील श्रोत्यांसाठीं दोन शब्द. माशांचे विषाणु माणसाला बाधत असल्याचें आढळलेलें नाहीं. १९९१ सालीं केरळांत कुट्टनाडकडे व्रणांची ती साथ आली तेव्हां लोकांनीं भीतीनें मासे खाणेंच सोडलें, आणि ज्यांचे मासे निरोगी होते त्या कोळ्यांवरही उपासाची पाळी आली. ताजी मासळी पारखून घ्यावी, नीट शिजवावी आणि निःशंक खावी. अफवेनें कोणाची चूल विझवूं नये. दुसरी गोष्ट घरांतील कांचेच्या पेटीची. सोनेरी मासे व कोई यांच्या विषाणूंची नोंद गेल्या कांहीं वर्षांत भारतांतही झालेली आहे. मुलांना कंटाळा आला किंवा मासा मलूल दिसला म्हणजे, 'बिचाऱ्याला मोकळें करूं' अशा दयेनें तो जवळच्या तलावांत सोडण्याची पुष्कळांना संवय असते. ही दया त्या तलावांतल्या माशांना महाग पडूं शकते. पेटींतला मासा पेटींतच राहूं द्यावा, आणि त्याचें पाणीही तलावांत वा ओढ्यांत ओतूं नये.

विषाणूला पाय नाहींत. तो पिशवींतून येतो, जाळ्याला चिकटून येतो, सांडव्याच्या पाण्याबरोबर येतो. आणि फोफावतो तो दाटींत, घाणींत आणि दमलेल्या माशांत. यांतील बहुतेक दारें उघडणारा माणूसच आहे, आणि म्हणून तीं लावून घेणेंही त्याच्याच हातीं आहे. तीन शतकांपूर्वीं ज्यांनीं पाळी घालून पावसाचें पाणी अडविलें, त्यांनीं तलावाची राखण करण्याचें काम सबंध गांवावर सोंपविलें होतें. माशाच्या आरोग्याची राखणही एकट्या ढीवराच्यानें होणार नाहीं. बीज विकणारा, कीटकनाशक फवारणारा, वरच्या तलावाचा ठेकेदार आणि शहरांतील गिऱ्हाईक, या सर्वांचा तींत वाटा आहे.